संक्रांतीच्या आठवड्यात हळदीकुंकू, टेकडीचं पाणी आणि गच्चीतली बाग: रोपांचं वाण वेळेत कसं तयार करायचं?

जाईजुई

नमस्कार मंडळी. बागकामातल्या जाणकारांकडून नेमका सल्ला हवा आहे.

आम्ही दोघं पुण्यात राहतो, दोघंही निवृत्त. संक्रांतीला अजून चार आठवडे आहेत, पण त्या एका आठवड्यात सगळंच एकत्र आलंय. शुक्रवारी भिशी आमच्याकडे, शनिवारी संध्याकाळी हळदीकुंकू (साधारण ६० जणी), रविवारी सकाळी टेकडीवर झाडांना पाणी घालायचं, आणि बुधवारी जवळच्या शाळेच्या परसबागेत मुलांबरोबर काम. शिवाय गच्चीवर ४५ कुंड्या आहेत: बहुतेक बारा इंची, चार मोठे ड्रम. पालेभाज्या, मिरची, वाल, शेवंती, मोगरा वगैरे.

प्रश्न असे:

यंदा वाण म्हणून प्लास्टिकचे डबे-चाळण्या न देता रोपं द्यायची आहेत. चार आठवड्यांत, तेही या थंडीत, घरीच कोणती रोपं तयार होतील? तुळस लावावी असं मनात आहे. कशात लावून द्यावीत?

टेकडीवर ह्यांचा गट १२० झाडं सांभाळतो. बरीचशी दुसऱ्या वर्षाची आहेत, तीसेक या पावसाळ्यात लावलेली. एरवी वीस माणसं येतात, त्या रविवारी दहासुद्धा येतील की नाही शंका आहे. पाणी एक आठवडा पुढे ढकललं तर चालेल का?

आणि त्या आठवड्यात गच्चीवर रोज तासभर पाइप धरून उभं राहणं जमणार नाही. गच्चीवर पाण्याची टाकी आहे, जिन्याच्या खोलीवर. तिच्यावर ठिबक बसवता येईल का, पंप न लावता?

---

ओंजळ

जाईजुई, रोपांचं वाण हा फार चांगला विचार आहे. फक्त तुळस आत्ता नको. तुळशीला ऊब लागते. पुण्यात डिसेंबरात रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर उतरला की बी रुजायला उशीर होतो, आणि रुजलेली रोपं दोन-चार पानांवर अडून बसतात. चार आठवड्यांनी हातात येईल ती काडीएवढी, जांभळट पडलेली तुळस. अशी रोपं कुणाच्या घरी जगत नाहीत, आणि तुळस वाळली की बाईच्या मनाला उगाच लागतं. मिरची-वांग्याचंही तेच. मिरचीचं रोप लावण्याजोगं व्हायला चांगल्या हवेतसुद्धा पाच-सहा आठवडे लागतात.

चार आठवडे हातात असतील तर बियांऐवजी काड्या आणि ठोंब धरा. ही माझी पसंती, क्रमाने.

पानओवा. यासारखं वाण नाही. भजी होतात, खोकल्याला काढा होतो, खिडकीत जगतो. बोटभर लांबीची, दोन-तीन पेरांची काडी पेराच्या लगेच खाली कापायची. खालची पानं काढायची, वर चारच ठेवायची. काडी रसाळ असते, म्हणून कापल्यावर सावलीत तीन-चार तास सुकू द्या, मग लावा. लगेच लावून भरपूर पाणी घातलं की बुडखा काळा पडून कुजतो. पानओव्याच्या काड्या मरतात त्या बहुतेक याच कारणाने, पाणी कमी पडून नव्हे. माती ओलसर असेपर्यंत दुसरं पाणी नाही. तीन आठवड्यांत हलक्या हाताने ओढून बघा. काडी अडली की मुळं धरली.

गवती चहा. मोठा ठोंब उपटून तीन-तीन काड्यांचे भाग करा. प्रत्येकाला थोडं तरी मूळ हवंच. पाती वितभर ठेवून वरून छाटून टाका. नाही छाटली तर मुळं बसायच्या आत पानांतून पाणी उडतं आणि सगळं पिवळं पडतं. थंडीत वाढ धिमी असते, पण जगतो.

पुदिना थंडीत छान येतो. बाजारातल्या जुडीतल्या जाड, खाली बारीक मुळं फुटलेल्या काड्या निवडून आडव्या लावा. मात्र तो तहानलेला असतो, छोट्या भांड्यात एक दिवस चुकला तरी मान टाकतो.

कोरफडीची पिल्लं असतील तर काढून दोन दिवस सावलीत पडू द्या, जखम सुकली की लावा. मिश्रणात थोडी वाळू टाका.

बियांचंच काही हवं असेल तर झेंडू. दसऱ्या-दिवाळीच्या तोरणातली वाळलेली फुलं ठेवली असतील तर ती चोळून दाट पेरा. गच्च पाकळ्यांच्या फुलांत भरलेलं बी कमी असतं, त्यामुळे मोजून पेरलं तर फसगत होते. आठवड्याभरात रुजतात, चार आठवड्यांत चार-सहा पानांची रोपं मिळतात.

मनीप्लांट सहज होतो, पण घरात रांगती बाळं असलेल्यांना देऊ नका. पान चावलं तर तोंडाची आग होते.

आता भांडं. वर्तमानपत्राचं पूर्ण पान उभं घडी घालून स्टीलच्या पाण्याच्या पेल्याभोवती तीन वेढे गुंडाळायचं, तळाची बाजू आत दुमडून दाबायची, पेला ओढून काढायचा. सात सेंटीमीटर रुंद आणि नऊ उंच झालं की ३०० मिली मिश्रण आरामात बसतं. ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून उभी करा, सुटी ठेवली तर ओली होऊन उकलतात. तीन-चार आठवडे टिकतात, आणि नेणारीने तशीच कुंडीत पुरायची, मूळ हलत नाही. चहाचे कागदी कप वापरू नका. त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, मातीत कुजत नाही.

करवंट्याही चालतात. तीनपैकी एक डोळा मऊ असतो, तो स्क्रू-ड्रायव्हरने सहज फुटतो. फक्त त्या कलंडतात, शेंडीची चुंबळ करून खाली द्यावी लागते.

मिश्रणाचा हिशोब: ६० भांडी, प्रत्येकी ३०० मिली, म्हणजे १८ लिटर. अर्धं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा (६५० ग्रॅमची एक वीट भिजली की आठ-नऊ लिटर होते), पाव भाग गाळलेली बागेची माती, पाव भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट भिजवून एकदा पिळून ते पाणी फेकून द्या, त्यात क्षार असतात. कंपोस्ट मुठीत घेऊन वास घ्या. मातीचा आला तर ठीक, आंबूस आला तर अजून तयार नाही. अर्धकच्चं खत भांड्यात तापतं आणि कोवळी मुळं जळतात.

६० हवी असतील तर ७५ लावा. उरली तर बुधवारी शाळेत न्या, मुलांना दाखवायला मुळं धरलेली काडी हातात असलेली बरी.

शेवटच्या आठवड्यात ट्रे सकाळच्या दोन-तीन तासांच्या उन्हात सरकवा, नाहीतर सावलीत वाढलेली रोपं नव्या घरच्या उन्हात करपतात. आणि शनिवारी पाणी घालू नका. शुक्रवारी सकाळी घाला. ओल्या कागदाचं भांडं हातात फाटतं, शिवाय जरीच्या काठांना मातीचं पाणी लागलं तर वाणाचा आनंद जातो.

---

टेकडीकर

टेकडीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. जानेवारीत सरसकट एक आठवडा ढकलू नका, पण सगळ्या झाडांना सारखं पाणी द्यायचा हट्टही धरू नका. तीस नवी झाडं त्याच रविवारी, बाकीची नव्वद पुढच्या. मार्च-एप्रिलात हे चालणार नाही. जानेवारीत ऊन कोवळं असतं, जमिनीतली ओल टिकते, म्हणून चालतं.

आकडे बघा. झाडामागे १० लिटर धरलं तर १२० झाडांना १,२०० लिटर लागतं. वीस माणसं असली तर माणशी ६० लिटर, म्हणजे पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन सहा खेपा. दहा माणसांवर बारा खेपा पडल्या तर पुढच्या रविवारी निम्मी माणसं गुडघा धरून घरी बसतील. तीसच झाडं केली तर ३०० लिटर, दहा जणांना तीन-तीन खेपा. तासाभराचं काम. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी एवढंच पुरे.

इथे एक मोह होतो: पाणी थोडं आहे, माणसं थोडी आहेत, तर प्रत्येक झाडाला दोन-दोन लिटर घालू. ते करू नका. दोन लिटरने वरची चार बोटं माती भिजते, झाड मुळं वरच पसरतं आणि उन्हाळ्यात पहिल्यांदा तेच वाळतं. निम्म्या झाडांना पोटभर, निम्म्यांना पुढच्या खेपेला, हा हिशोब बरा.

कोणती झाडं आहेत त्यावरही अवलंबून आहे. पळस, बहावा, खैर, हिवर, कडुनिंब दुसऱ्या वर्षी दोन आठवडे सहज काढतात. अर्जुन, कदंब, ताम्हण ही ओढ्या-नदीकाठची झाडं. ताम्हण आपलं राज्यफूल म्हणून हौसेने टेकडीवर लावतात, आणि मग पाच-पाच वर्षं पाण्यासाठी त्याच्यामागे पळावं लागतं. अशी असतील तर ती 'नव्या' तीसमध्येच धरा.

पाणी ढकलायचं तर त्याच्या आदल्या रविवारी पूर्वतयारी हवी. उतारावर गोल आळं करू नये, वरच्या बाजूची माती पाण्याबरोबर आत येते आणि खालच्या बाजूने आळं फुटतं. खालच्या अंगाला अर्धचंद्र बांध घाला: झाडापासून दीड-दोन फुटांवर, वीतभर उंच, दगड लावून पक्का. वरची बाजू उघडी. आतली माती दोन इंच खुरपून भुसभुशीत करा, मगच पाणी. कडक पापुद्र्यावर ओतलेलं पाणी आत जात नाही, वरून वाहून जातं.

आच्छादनाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच चांगल्या हेतूने झाडं जातात. कुंडीत आपण वाळका पाला घालतो तसंच टेकडीवर वाळक्या गवताचं जाड आच्छादन करतात. जानेवारीपासून टेकड्यांवर वणव्याचा हंगाम सुरू होतो. बुंध्याभोवती रचलेलं वाळकं गवत म्हणजे नेमकं खोडापाशी ठेवलेलं सरपण. गवत घालायचंच तर पातळ, खोडापासून चार बोटं लांब, आणि वर चपटे दगड. नुसत्या दगडांचं आच्छादनही उत्तम: खालची ओल राहते, रात्री दगड थंड होतात, उंदरांचंही फावत नाही. आणि सगळ्या लागवडीभोवती दोन-तीन मीटर रुंदीची जाळरेषा आत्ताच काढा. गवत विळ्याने कापून पट्टा मोकळा करायचा, कापलेलं गवत तिथून हलवायचं. पेटवून पट्टा करायचं काम आपलं नाही, ते वन विभागाचं. जमीन त्यांच्या ताब्यातली असेल तर खुदाई, लागवड आणि हा पट्टा, तिन्हींची कल्पना वनरक्षकांना आधी द्या.

नव्या तीसांपैकी जी दूर आहेत तिथे मटका चांगला चालतो. पाच लिटरचा कच्चा, रंग न दिलेला माठ खोडापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचा, तोंडावर चपटा दगड. चार-पाच दिवस पाणी झिरपत राहतं. दगड विसरू नका, नाहीतर डास होतात, आणि तहानलेलं जनावर तोंड घालून माठ फोडतं. पाण्याच्या बाटल्या उलट्या टांगण्याचा प्रकार मात्र नको. भोक दोन दिवसांत मातीने बुजतं, बाटल्या उन्हाने तडकतात आणि टेकडीवर कचरा होतो.

संक्रांतीनंतरच्या रविवारी खिशात एक छोटी कात्री आणि पिशवी असू द्या. तुटलेला मांजा झाडांवर अडकलेला असतो, कोवळ्या शेंड्याला फास बसतो आणि पक्ष्यांचे पंख कापले जातात. नायलॉन मांज्यावर हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी तो सापडतो. ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापून गुंडाळून घ्या.

---

थेंबेथेंबे

टाकीवर ठिबक बसतं, पंप लागत नाही. मात्र दोन गोष्टी दुकानदार सहसा सांगत नाहीत.

पहिली: ड्रिपरवर (कुंडीत थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोटीवर) '२ लिटर प्रति तास' लिहिलेलं असतं ते एक बार दाबाला, म्हणजे साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याला. जिन्याच्या खोलीवरची टाकी कुंड्यांपेक्षा दोन-तीन मीटर उंच असते. दोन मीटरला दाब एक पंचमांश, आणि पाणी पडतं ते निम्म्याहून कमी: तासाला सुमारे ९०० मिली. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबून पंधरा मिनिटं लावली तर कुंडीला पावशेरसुद्धा पाणी मिळत नाही, वरची माती ओली दिसते आणि आतून झाड सुकत जातं. म्हणून बसवल्यावर तीन ठिकाणी, सुरुवातीला, मधे आणि शेवटी, ड्रिपरखाली वाटी ठेवून पंधरा मिनिटांचं पाणी मोजा. जानेवारीत बारा इंची कुंडीला रोज अर्धा लिटर पुष्कळ होतो, त्यावरून वेळ काढा. तुमच्याकडे ती पस्तीस मिनिटांच्या आसपास यावी. ड्रमना प्रत्येकी दोन-तीन ड्रिपर.

दाब भरून काढणारे, आत रबरी पडदा असलेले महागडे ड्रिपर घेऊ नका. कमी दाबाला ते नीट चालत नाहीत. साधे, उघडून धुता येणारे घ्या.

दुसरी गोष्ट टायमरची. बॅटरीवरचे टायमर दोन जातींचे असतात. सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) व्हॉल्व्हवाल्याला उघडायला पाण्याचा दाब लागतो, टाकीच्या पाण्यावर तो उघडतच नाही किंवा अर्धवट बंद होऊन गळत राहतो. बॉल व्हॉल्व्हवाला मोटरने फिरतो, त्याला दाबाची गरज नाही. विकत घेताना 'शून्य दाबावर चालतो का' एवढंच विचारा.

सामान: टाकीच्या आउटलेटला स्वतंत्र कॉक, लगेच जाळीची गाळणी, मग टायमर, मग १६ मिमीची काळी नळी कुंड्यांच्या रांगेने, तिला भोक पाडून ४ मिमीच्या बारीक नळ्या, टोकाला ड्रिपर. एक रांग पंधरा मीटरपेक्षा लांब नको, त्यापेक्षा मधून दोन फाटे काढा. नाहीतर शेवटच्या कुंड्या कोरड्या राहतात. नळीचं शेवटचं टोक दुमडून बांधा, म्हणजे महिन्यातून एकदा उघडून आतला गाळ काढता येईल. गाळणी दर पंधरा दिवसांनी.

हे सगळं आत्ता, चार आठवडे आधी बसवा. पहिल्या आठवड्यात हमखास एखादा जोड निसटतो, एखादा ड्रिपर बुजतो. पाहुण्यांच्या आठवड्यात बसवलेलं ठिबक म्हणजे खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाण्याची धार.

टायमरचा खर्च नको असेल तर बॉल व्हॉल्व्हच्या जागी साधा कॉक ठेवा आणि सकाळचा चहा टाकताना उघडा, नाश्त्याला बंद करा. मोबाइलवर गजर लावा, विसरलात तर सोसायटीची टाकी रिकामी होईल.

---

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. तुळशीचा बेत रद्द, पानओवा आणि गवती चहा नक्की. ह्यांनी टेकडीच्या गटात जाळरेषेचा विषय काढलाय, येत्या रविवारी विळे घेऊन जाणार आहेत.

दोन छोटे प्रश्न. घरात मातीचे चहाचे कुल्हड आहेत बरेच, त्यात लावता येतील का? आणि हळदीकुंकवाचा कचरा, म्हणजे मटारची सालं, उसाची चिपाडं, फुलं, सोसायटीच्या खड्ड्यात एकदम टाकला तर वास येतो. काय करावं?

---

माजघर

जाईजुई, कचऱ्याचं आणि फराळाचं एकत्रच सांगते, कारण कचरा किती होणार ते बेतावर ठरतं.

मटारच्या करंज्यांचा बेत असेल तर फेरविचार करा. ६० जणींना दोन-दोन म्हणजे १२० करंज्या, आदल्या दिवशी भिशी. त्यापेक्षा मसाला दूध आणि बाहेरून आणलेला एक तिखट पदार्थ. दूध माणशी १२० मिली धरलं तर आठ लिटर पुरतं. कप स्टीलचे. महिला मंडळाकडे किंवा मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात. कागदी कपांचं ओंजळ यांनी सांगितलंच आहे, ते खड्ड्यातही कुजत नाहीत.

तिळगूळ आठवडाभर आधी करून ठेवता येतो. अर्धा किलो तीळ, पाव किलो दाण्याचा जाडसर कूट, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, दोन चमचे तूप. आवळ्याएवढे साधारण ६० लाडू होतात. भिशी, टेकडीचा गट आणि शाळेतली मुलं धरून तुम्हाला तिप्पट लागेल, पण एका वेळी एवढ्याच प्रमाणात करा. मिश्रण मिनिटांत आळतं आणि दोघांचे हात तेवढेच वळतात. पाकाची परीक्षा वाटीतल्या गार पाण्यात: थेंब टाकला की पसरला नाही आणि बोटांनी मऊ गोळी झाली की गॅस बंद. गोळी टणक होऊन वाटीवर वाजली तर ती चिक्की झाली, लाडू आजीला चावणार नाहीत. हाताला तूप नाही, पाणी लावून वळा, चटके कमी बसतात.

आता कचरा. मटार सोलले की वजनाने जवळजवळ निम्मी सालं निघतात, आणि ती पाण्याने भरलेली असतात. ढीग एकदम टाकला की दाबला जातो, आत हवा राहत नाही, तोच वास. एक घमेलं सालांना दोन घमेली वाळका पाला, चार बोटांचे थर. पाला आधीच दोन पोती गोळा करून ठेवा, त्या रात्री कुठून आणणार? सालं कात्रीने दोन तुकडे करून टाकली तर लवकर बसतात. उसाची चिपाडं वेगळी ठेवा, ती कुजायला महिनोन्‌महिने घेतात. वाळवून, बोटभर तुकडे करून ड्रमच्या तळाला घाला, पाण्याचा निचरा चांगला होतो. हारातले दोरे काढून घ्या, हल्ली ते सुती नसतात, गांडुळांना आणि खुरप्याला दोघांनाही गुंततात. सांडलेलं कुंकू खतात नको, बाजारच्या कुंकवात रासायनिक रंग असतात.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी सांगते. वाण रोपाचं आहे तर आमंत्रण सगळ्या जणींना द्या: सोसायटीतल्या विधवा बायकांना, एकट्या राहणाऱ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींना. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. शहरातल्या सोसायटीने मागे राहायचं कारण नाही. आमंत्रणात 'तिळगूळ आणि रोपवाटप, सगळ्यांनी यावं' असं स्पष्ट लिहा. कुंकू लावायचं की नाही ते ज्या त्या बाईने ठरवावं. करंडा पुढे करा, आग्रह करू नका, पण रोप प्रत्येकीच्या हातात द्या. नुसतं तोंडी 'या हं' म्हटलं तर संकोचाने कुणी येत नाही, म्हणून घरी जाऊन बोलवा.

---

ओंजळ

माजघर यांच्या आमंत्रणाच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन.

कुल्हड चालतील, पण भोक पाडूनच. तळाला भोक नसलेल्या मातीच्या भांड्यात पाणी साचतं आणि पानओवा पहिल्यांदा मरतो. कुल्हड तासभर पाण्यात भिजवा, ओल्या गोणपाटावर पालथा ठेवा, ६ मिमीचं भिंतीचं ड्रिल बिट, मशीन सावकाश, हातोड्याची मोड बंद, वरून जोर नाही. कोरड्या कुल्हडावर ड्रिल ठेवलं की तळ फुटतो. तरी दहातला एखादा जाणारच, तेवढे जास्त घ्या. कुल्हडाचं माप लहान असतं, १०० ते १५० मिली, म्हणून त्यात फक्त कोरफड किंवा पानओवा. गवती चहा आणि पुदिना कागदाच्या भांड्यातच.

शाळेच्या परसबागेबद्दल: जानेवारीत तिथे वांगी-टोमॅटो लावू नका, फळ धरेपर्यंत सुट्टी लागते आणि पाणी घालायला कुणी नसतं. मेथी तीसेक दिवसांत निघते, पालक चाळीस, मुळा पंचेचाळीस. मुलांच्या ताटात पडेल असंच लावा. कोथिंबिरीचे धणे लाटण्याने हलकेच दोन फोडी करून रात्रभर भिजवून पेरायला मुलांना द्या, हे काम त्यांना फार आवडतं. थंडीत रुजायला दहा-बारा दिवस घेतात, तोवर 'उगवलं नाही' म्हणून कुणी वाफा पुन्हा उकरणार नाही एवढं बघा.

गच्चीवर त्या आठवड्यात नवीन काहीही काढू नका. छाटणी नको, खत नको, कुंड्या बदलणं नको. मोगऱ्याची छाटणी रथसप्तमीनंतर निवांत करा, त्याआधी दहा-पंधरा दिवस त्याचा ड्रिपर बंद ठेवा. रोज पाच मिनिटांची एक फेरी मात्र हवी, आणि तीत शेवंतीचे शेंडे आणि वालाची कोवळी पानं उलटून बघायची. ढगाळ हवा झाली की मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दोन दिवसांत भरतो. थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली भांडी घासायचा पातळ साबण, आधी साबण-तेल एकत्र घोटून मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं जळतात. फवारणी सूर्य कलल्यावर. पानओव्याच्या ट्रेवर आणि खायच्या पालेभाज्यांवर त्या आठवड्यात काही मारू नका. वालावर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी: आंबट ताक एकास दहा पाणी घालून, गाळून, सकाळी फवारा. न गाळता भरलं तर नोझल बुजतो.

वाणाबरोबर चिठ्ठी जरूर द्या. आइसक्रीमच्या काडीवर पेन्सिलने नाव, आणि कागदाच्या चिठ्ठीवर चारच ओळी: ऊन किती, पाणी केव्हा, कुंडी किती इंची, कशासाठी वापरायचं. पानओव्याला लिहा: 'अर्धा दिवस ऊन, माती सुकली तरच पाणी, आठ इंची कुंडी, कागदासकट लावा.' गवती चहाला 'भरपूर ऊन, बारा इंची कुंडी, दोन महिने पाती तोडू नका.' स्केचपेनने लिहू नका, पहिल्याच पाण्याला अक्षरं पुसतात.